गोतसभा, मुक्त शहरे आणि उपरी

युरोपच्या मध्ययुगीन इतिहासात ‘साम्राज्याधीन मुक्त शहर’ असा एक शब्दप्रयोग वारंवार येतो. पहिल्या वाचनात तो बुचकळ्यात टाकतो. शहर साम्राज्याच्या अधीन असेल तर ते मुक्त कसे, आणि मुक्त असेल तर अधीन कसे? आमच्या वर्गात हा भाग शिकवून झाल्यावर सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : ‘आपल्याकडे असे काही होते काय?’ उत्तर मात्र सांगितले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा एका विद्यार्थ्याने घेतलेला शोध आहे. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. चिंचवड-चाकणचा जो पट्टा आज कारखान्यांमुळे ओळखला जातो, त्याच्याच जुन्या इतिहासात पुष्कळसे उत्तर सापडते.

प्रथम जर्मनीकडे पाहू. पेग्निट्झ नदीच्या काठी वसलेले न्यूरेंबर्ग हे या प्रकारचे नामांकित शहर. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२१९ साली या शहराला सनद दिली. तिचा मुख्य अर्थ असा की, शहराचा धनी एकटा सम्राट. मधल्या कोणा सरदाराची वा बिशपची मालकी त्यावर नाही. या आधारावर शहराने हळूहळू आपला कारभार स्वतःकडे घेतला. न्याय, जकात, बाजाराची वजनेमापे, तटावरचा पहारा ही सर्व कामे शहराची सभा पाहू लागली. तरीही सम्राटाच्या वतीने किल्ल्यात बसणारा एक सरदार शहराच्या डोक्यावर होताच. त्याचा किल्ला शहराने १४२७ मध्ये चक्क पैसे देऊन विकत घेतला! १३५६ च्या ‘सुवर्णाज्ञे’ने ठरवले की, नव्या राजाने आपली पहिली साम्राज्यसभा न्यूरेंबर्गला भरवावी, आणि १४२४ पासून साम्राज्याची राजचिन्हेही याच शहरात ठेवण्यात आली. म्हणजे हे शहर सम्राटाशी भांडून मुक्त झालेले नव्हते. सम्राट दूर असे आणि शेजारचा सरदार जवळ असे. दूरच्या धन्याचा कागद दाखवून जवळच्या धन्याला वेशीबाहेर ठेवायचे, ही त्या मुक्तीची खरी युक्ती होती.

ही युक्ती आपल्याकडच्या माणसांना नवी वाटली नसती.

आपल्याकडे तट आणि सनद असलेले स्वतंत्र नगरराज्य नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. परंतु गाव आणि कसबा यांचा स्वतःचा असा कारभार होता, आणि तो अनेक राजवटींखाली टिकला. चाकणचेच उदाहरण घ्या. घाटावरच्या व्यापारी वाटेवरचे हे जुने ठाणे. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणच्या मोहिमेसाठी येथेच तळ दिला होता. पुढे निजामशाही, आदिलशाही आणि शिवाजी महाराज असे येथले धनी बदलत गेले. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा याने जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला आणि अखेर तो मोगलांकडे गेला. हा प्रसंग आपण शाळेत शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला मात्र वेगळेच कुतूहल वाटते. किल्ल्यावरचे निशाण बदलल्यावर खालच्या कसब्यात काय झाले असेल? नव्या अंमलदारालाही सारा हवा होता. कोणाचे शेत कोठपर्यंत आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असलेली माणसे खालीच होती : पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, महाजन आणि बलुतेदार. राजवट कोणतीही आली तरी या माणसांवाचून तिचे पान हलत नसे. स्वायत्ततेचे मूळ मला येथे दिसते. ती कोणी तत्त्व म्हणून बहाल केलेली नव्हती. राज्यकर्त्यांची अडचण हाच तिचा पाया होता.

या कारभाराची मुख्य संस्था म्हणजे गोतसभा, किंवा नुसते ‘गोत’. गोत म्हणजे येथे केवळ नातेवाईक नव्हेत. गावात ज्यांचे वंशपरंपरेचे हक्क होते अशा सर्वांचा तो समुदाय. पाटलाबरोबर सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग यांना, आणि जेथे मुलाणा होता तेथे त्यालाही, गोतात जागा असे. परगण्याच्या मोठ्या वादात देशमुख-देशपांडे आणि शेजारच्या गावांचे पाटीलही येऊन बसत. सरकारचे अंमलदार हजर असत, त्यांना ‘दिवाण’ म्हणत. परंतु निवाड्याचे वजन गोताच्या साक्षीला असे.

वाद बहुधा पाटीलकीचा, शिवेचा किंवा भावाभावांतील वाटणीचा असे. दोन्ही पक्ष प्रथम राजीनामा लिहून देत. राजीनामा हा शब्द आज आपण नोकरी सोडण्याच्या अर्थी वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ ‘या सभेचा निवाडा मानण्यास मी राजी आहे’ असा होता. त्यानंतर जामीन घेतले जात. मग कागद पाहावयाचे, वहिवाट पाहावयाची, साक्षी घ्यावयाच्या. येथल्या गोतावर विश्वास नसेल तर पक्षकार ‘थळ’ मागून घेई, म्हणजे वाद दुसऱ्या गावच्या सभेपुढे नेई. आज एका जिल्ह्यातील खटला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करून घेतात, त्यातलाच हा प्रकार. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारला ‘हरकी’ द्यायची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. म्हणजे कोणीही जिंको, सरकारला दोन्हीकडून पैसे! गोताला एवढी मोकळीक देण्यात सरकारचे काय जात होते, ते यावरून समजते.

निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. महजरात हजर असलेल्यांची नावे आणि त्यांपुढे निशाण्या असत. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचे हत्यार काढी. कुणब्याचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. माझ्या घरात माझ्याआधी कोणी सही केलेली नाही. आजोबा अंगठा देत. अंगठा आणि नांगराचे चित्र यांत मला मोठा फरक वाटतो. अंगठ्यावरून माणूस निरक्षर आहे एवढेच कळते. निशाणीवरून तो कोण आहे आणि सभेत कोणत्या अधिकाराने बसला आहे, हे कळे.

कागदाने प्रश्न सुटला नाही आणि साक्षी एकमेकांविरुद्ध गेल्या, तर शेवटी दिव्य करावे लागे. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी हात उघडून पाहायचा. हे वाचताना अंगावर काटा येतो. गोतसभेचे गुणगान करणारे काही लेखक हा भाग घाईने उरकतात. तो उरकू नये. ज्या सभेजवळ पोलीस नाही, तुरुंग नाही, दप्तर जळालेले आहे आणि तरी गाव फुटू द्यायचे नाही, ती सभा अखेर कोठे जाऊन पोहोचते, हे त्यात दिसते.

आता चिंचवडकडे वळतो, कारण सनदेच्या जोरावर टिकलेल्या स्वायत्ततेचा येथला सर्वांत स्पष्ट नमुना तेथे आहे. मोरया गोसावी यांची समाधी पवनेच्या काठी आहे. समाधिमंदिराच्या शिलालेखात शके १५८०, म्हणजे इसवी सन १६५८-५९ चा उल्लेख आहे. मोरया गोसावींच्या वंशाला ‘देव’ हे नाव मिळाले आणि चिंचवडचे देव हे एक संस्थानच झाले. त्यांना गावे इनाम होती. तेथला वसूल संस्थानाकडे जाई. त्यातून पूजा, अन्नदान आणि भाद्रपद व माघ महिन्यांतील मोरगावची यात्रा चाले. पेशवाईत चिंचवडला टांकसाळही होती. इंग्रजांनाही या संस्थानाचे मोठे कुतूहल. कॅप्टन मूर याने १८०० मध्ये आणि मारिया ग्रॅहॅम या बाईंनी १८०९ मध्ये चिंचवडला भेट देऊन वर्णने लिहून ठेवली आहेत. अलीकडे लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ मध्ये चिंचवडच्या देवांवर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. आमच्या भागावर केंब्रिजहून पुस्तक निघते आणि आम्ही मंदिरासमोरून रोज बसने जातो, याची गंमत वाटते.

या इनामांच्या बाबतीत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सनद एकदा मिळाली म्हणजे काम झाले असे कधीच नव्हते. राजवट बदलली की नवा कागद हवा. निजामशाहीचा कागद आदिलशाहीला दाखवायचा, तो शिवशाहीत, मग मोगलांना, मग पेशव्यांना. न्यूरेंबर्गलाही हेच करावे लागे. नवा सम्राट आला की शहर जुन्या सनदा घेऊन त्याच्या दारी जाई. चिंचवडबद्दल एक आख्यायिका सांगतात. औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी झाकलेल्या ताटातून निषिद्ध मांस पाठवले, देवांनी झाकण काढले तेव्हा ताटात फुले होती, आणि बादशहाने प्रसन्न होऊन आठ गावे कायमची इनाम दिली. घडले तसे कोणी मानो वा न मानो. कथेचे काम वेगळे आहे. परधर्मी बादशहानेही जे दिले ते पुढच्या राजाने कसे काढून घ्यावे, असा तिचा रोख आहे. मला ती कथा एका परीने सनदेची तोंडी प्रत वाटते.

परंतु स्वायत्त संस्थानाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न राहतोच. शिवाजी महाराजांच्या वेळची एक व्यवस्था या दृष्टीने फार बोलकी आहे. चिंचवडच्या संस्थानाला तांदूळ, मीठ असे जिन्नस रयतेकडून बाजारभावाहून कमी दराने घेण्याची सवलत पूर्वीपासून होती. तिचा उपद्रव रयतेला होई. महाराजांनी ही रीत बंद केली आणि संस्थानाला लागणारे जिन्नस सरकारी कोठारातून देण्याची आज्ञा केली. देवस्थानाचे पोषण थांबवले नाही. रयतेवरचा बोजा मात्र काढला. या एका व्यवस्थेत संपूर्ण विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. एखाद्या ठिकाणाला धन्यापासून किती मोकळीक होती, एवढेच मोजून भागत नाही. त्या मोकळीकीच्या आत कोण बसला होता आणि बाहेर कोण उभा होता, हे पाहावे लागते. रामचंद्रपंत अमात्य यांनी सुमारे १७१५ मध्ये लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’तही वतनदारांविषयी असाच सावध सूर आहे. वतनदार हे लहान का होईना पण स्वतंत्र राज्यकर्तेच आहेत, दुसऱ्याचे घ्यावे आणि आपले वाढवावे ही त्यांची सहज वृत्ती, असे त्यांचे म्हणणे. मात्र त्यांना एकदम दुखवूही नये, असेही ते सांगतात. अमात्यांना राज्य चालवायचे होते.

न्यूरेंबर्गमध्ये आत कोण होते? थोडी श्रीमंत व्यापारी घराणी. १३४८ मध्ये तेथल्या कारागिरांनी उठाव करून सभा ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी सम्राट चौथा चार्ल्स याच्या पाठिंब्याने जुनी घराणी परत आली आणि त्यांनी कारागिरांच्या स्वतंत्र संघटनांना बंदी घातली. ज्या शहराची धातुकामासाठी आणि घड्याळांसाठी पुढे जगभर ख्याती झाली, त्या शहरात कारागिराला आपला संघ काढण्याची मोकळीक नव्हती! त्याच १३४९ च्या डिसेंबरात शहराने सम्राटाची परवानगी घेऊन ज्यूंची वस्ती उठवली. पाचशेहून अधिक ज्यू मारले गेले, आणि त्यांच्या घरांच्या जागी बाजाराचा मोठा चौक आणि मेरीमातेचे चर्च उभे राहिले. परवानगीचा कागद होता. सर्व काही रीतसर झाले होते.

आपल्या गोतसभेत महार होता, हे वर आले आहे. शिवेच्या वादात तर त्याची साक्ष अत्यंत महत्त्वाची. शीव त्याने चालून दाखवायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून जायचे. गावाची हद्द ज्याच्या पायांना ठाऊक, त्याला गावाच्या आत घर नव्हते. त्याची वस्ती वेशीबाहेर. वतनाच्या मोबदल्यात त्याने सरकारची आणि गावाची पडेल ती कामे करायची. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हा सगळा इतिहास होता. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना खेड्यांच्या स्वयंपूर्ण लोकराज्याचे जे कौतुक चालले होते, ते त्यांनी कठोर शब्दांत नाकारले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, असे त्यांचे मत होते. १८३० च्या सुमारास मेटकाफसारख्या इंग्रज अधिकाऱ्याने खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले होते. मला वाटते, मेटकाफने खेडे राज्यकर्त्याच्या बाजूने पाहिले आणि बाबासाहेबांनी वेशीबाहेरून. गोतसभेचा विचार करताना दुसरी जागा सोडून चालणार नाही.

वेशीच्या आत राहूनही गोतात नसलेला आणखी एक माणूस होता. त्याचे नाव उपरी. त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या पट्ट्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

गावातील शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, त्याची जमीन वंशपरंपरेची. तो सारा भरीत असेपर्यंत त्याला कोणी हुसकू शकत नसे. दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन तो आपली जमीन मागू शके. उपरी हा बाहेरून आलेला. तो ठरलेल्या मुदतीच्या बोलीवर जमीन कसे. त्याचा दर कधी मिरासदारापेक्षा हलकाही असे, पण त्याला मूळ नसे. इंग्रजी अंमलाच्या आरंभी पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन आणि त्यांचे वरिष्ठ चॅप्लिन यांनी हा भेद बारकाईने नोंदवला आहे. मिरासदाराला गावसभेत बोलण्याचा हक्क, गायरानावर हक्क, लग्नटक्यासारख्या काही पट्ट्यांतून सूट. सोयरीक जमवतानाही मिरासदाराचे घर वरचे. उपरी पिढ्यान्‌पिढ्या राहिला तरी उपरीच.

जर्मन शहरांत एक वेगळी रीत होती. सरंजामदाराच्या जमिनीवरून पळून आलेला कुळवाडी शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला आणि तोवर धन्याने त्याला मागितले नाही, तर तो मोकळा होई. शहराच्या हवेने माणूस मुक्त होतो, अशी म्हणच त्यावरून पडली. ही म्हण आमच्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत आहे. परंतु मोकळा होणे वेगळे आणि नागरिक होणे वेगळे. नागरिकत्वासाठी मालमत्ता दाखवावी लागे, पैसे भरावे लागत, शपथ घ्यावी लागे. जे हे करू शकत नसत ते नुसते रहिवासी. म्हणजे तिकडेही उपरी होतेच. आपल्याकडे उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट अगदीच बंद नव्हती. एखादे मिरासदार घराणे नष्ट झाले तर त्याच्या ‘गतकुळी’ जमिनीचे मिरासपत्र पाटील आणि गोत मिळून नव्या माणसाला करून देत. त्यासाठी पदरी पैसा हवा आणि गोताची मर्जी हवी.

गावापेक्षा पेठेची रीत थोडी सैल होती. नवी पेठ वसवायची म्हणजे माणसे बाहेरूनच आणायची. त्यासाठी सरकार कौल देई : अमुक वर्षे कर माफ, पुढे हळूहळू चढता. शेटे आणि महाजन हिंडून वाणी-उदमी बोलावून आणीत. औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास पुण्यात मुहियाबाद पेठ वसवली, तीच आजची बुधवार पेठ. कौल हा शब्द आता फक्त घरावर आणि निवडणुकीच्या बातमीत राहिला आहे. परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि कारखानदारांना भूखंड व सवलती देऊन बोलावू लागले, तेव्हा शेटे-महाजनांचेच काम नव्या कचेरीत सुरू झाले असे मी म्हणेन. २००९ मध्ये चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आले. न्यूरेंबर्गचा आणि आमचा एवढा तरी प्रत्यक्ष शेजार आहे.

गोतसभेचा शेवट कसा झाला? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात येथल्या ग्रामसंस्थेची वाखाणणी केली, पंचायतीही काही काळ चालू ठेवल्या. परंतु १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर दिवाणी अदालती पक्क्या झाल्या. गोताच्या साक्षीऐवजी वकील आणि मुद्रांकाचा कागद आला. १८५२ च्या इनाम कमिशनने मराठी मुलखातील इनामदारांना सनदा दाखवा म्हणून सांगितले, तेव्हा पुष्कळांची धांदल उडाली. शेकडो वर्षे कागद नवा करून घेण्याची सवय असलेल्यांना प्रथमच असा धनी भेटला, जो कागदावरून देण्यापेक्षा कागदाअभावी काढून घेण्यात अधिक दक्ष होता. न्यूरेंबर्गचा शेवट याच सुमाराचा, थोडा आधीचा. कर्जात बुडालेले ते शहर १८०६ मध्ये बव्हेरियाच्या राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला साम्राज्यही संपले. जुन्या मुक्त शहरांपैकी हॅम्बर्ग आणि ब्रेमेन ही दोन आजही जर्मनीची स्वतंत्र घटकराज्ये आहेत.

इंग्रजांनी एका हाताने गोत मोडले आणि दुसऱ्या हाताने नगरपालिका दिली. पुण्याची नगरपालिका १८५७ ची. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तिचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. फुले निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. आणि तरी रयतेच्या पैशाची बाजू त्यांनीच घेतली. पुढे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुका आल्या, पण मत कर भरणाऱ्यांना आणि मालमत्ता असणाऱ्यांना. पुन्हा मिरासदारच! साम्राज्य घाबरले की ही नगरपालिकाही बाजूला सारली जाई. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगसाठी रँड यांची स्वतंत्र कमिटी नेमली गेली, सोजीर घरांत शिरले, आणि लोकांनी निवडलेले सभासद पाहत राहिले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. चापेकर चिंचवडचे. त्यांचा वाडा देवांच्या मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार व इतर कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, मागोमाग इतर आले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९७१ मध्ये येथली लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली. मधल्या काळात हद्द वाढली हे खरे, तरी एवढी माणसे काही चार गावांत जन्मली नाहीत. ती सातारा, सोलापूर, बीड, लातूर, खानदेश, विदर्भ आणि उत्तरेकडून आली. जुन्या भाषेत बोलायचे तर हे जवळजवळ संपूर्ण शहरच उपऱ्यांचे आहे. फरक एवढा की, या उपऱ्याला मत आहे. १९८९ पासून अठराव्या वर्षी आहे. त्यासाठी मिरासपत्र लागत नाही. सभाच नसेल तर मताचे काय, हा प्रश्नही आमच्या पिढीने पाहिला : मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर येथे तीन वर्षांहून अधिक काळ निवडलेली सभा नव्हती आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात मी शाळेतून महाविद्यालयात आलो.

आमचे घर मराठवाड्यातून आलेले. वडील भोसरीच्या बाजूला एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. आम्ही राहतो त्या भागात ग्रामदैवताचा उत्सव दर वर्षी होतो. पालखीला खांदा कोणी द्यायचा, पहिला नारळ कोणाचा, हे मान जुन्या घराण्यांकडे आहेत आणि ते चालत आलेल्या क्रमाने दिले जातात. त्या क्रमात गोतसभेची बसण्याची रीत अजून ओळखू येते. सुताराचा मान आहे, न्हाव्याचा आहे, मुलाण्याचाही आहे. वर्गणी मात्र सर्वांकडून घेतात. वडिलांच्या पावतीवर नावापुढे कंसात ‘भाडेकरू’ असे लिहिलेले असते. गेल्या वर्षी मी पावती लिहिणाऱ्या मुलाला, तो माझ्याच वर्गात आहे, हे कशासाठी लिहितोस म्हणून विचारले. तो म्हणाला, ‘वहीत तसा रकानाच आहे, आधीपासून.’ महाप्रसादाच्या वेळी पंगतीत असा रकाना नसतो. जो येईल तो बसतो, आणि वाढायला त्या जुन्या घराण्यांतलीच मुले असतात, हेही येथे नोंदवले पाहिजे.